ऑर्डर नसताना काढलेलं बिल

प्रश्न विचारणारा तरुण कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठातून एमबीए केलं आणि पाच महिन्यांपूर्वी एका मोठ्या बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागला. अजून प्रोबेशनवर आहे. तो लिहितो: "२८ तारखेला साहेबांचा फोन आला. कागल भागातल्या डिस्ट्रिब्युटरवर ४०० केसचं (बाटल्यांच्या पेट्यांचं) बिल काढ, टार्गेटला तेवढेच कमी पडतायत. त्यांची ऑर्डर नाही, मागचाच माल पडून आहे. साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यात स्कीममध्ये ॲडजस्ट करू, सगळीकडे असंच चालतं. शिवाय एका शाळेसमोरच्या टपरीवर एनर्जी ड्रिंकचा कूलर लावायला सांगितलंय. घरी वडील म्हणतात, या कंपन्यांनी केरळात लोकांचं पाणी पळवलं, असली नोकरी सोड. मी काय करू?"

तू माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा, म्हणून 'तू' म्हणतो. मी २७ वर्षं याच धंद्यात काढली. सेल्समनच्या गाडीवर क्रेट मोजण्यापासून सुरुवात केली, पुढे एरिया मॅनेजर झालो आणि शेवटची चार वर्षं कंपनीच्या अंतर्गत तपासणी विभागात होतो. म्हणजे तुझ्या साहेबांच्या खुर्चीत बसलोय, आणि तुझ्या साहेबांसारख्यांची चौकशीही केलीय. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. ते बिल काढू नकोस. डिस्ट्रिब्युटरने स्वतः लेखी ऑर्डर दिली तरच काढ.

'सगळीकडे असंच चालतं' हे साहेबांचं वाक्य अर्धं खरं आहे. आपल्या लाइनमध्ये याला माल डंप करणं म्हणतात, आणि महिनाअखेरीला फार ठिकाणी ते होतं. ते होतं म्हणून ते किरकोळ आहे, असा अर्थ मात्र काढू नकोस. जगातल्या सर्वांत मोठ्या शीतपेय कंपनीला याच गोष्टीसाठी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकासमोर उभं राहावं लागलं आहे. १९९७ ते १९९९ या काळात कोका-कोलाने जपानमधल्या आपल्या बॉटलरना, म्हणजे बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांना, तिमाही संपता संपता गरजेपेक्षा जास्त कॉन्सन्ट्रेट (पेयाचा घट्ट अर्क) घ्यायला लावलं, त्यासाठी उधारीची मुदत वाढवून दिली. त्या बॉटलरनी तो माल एरवी पुढच्या तिमाहीत घेतला असता. कंपनीत त्याला 'गॅलन पुशिंग' असं नावच पडलं होतं. पुढच्या काळातली विक्री आज दाखवायची, म्हणजे शेअरमागे नफा एखाद-दोन सेंटने वर जातो आणि बाजाराच्या अपेक्षेला पुरून उरतो. एप्रिल २००५ मध्ये नियामकाने ठपका ठेवला की ही गोष्ट गुंतवणूकदारांपासून लपवली गेली. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता प्रकरण मिटवलं. दंड झाला नाही, पण पुन्हा असं करणार नाही असा आदेश तिला मान्य करावा लागला.

तुझ्या साहेबांनी फोनवर सांगितलेली गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. फरक इतकाच की जपानचे बॉटलर स्वतः मोठ्या कंपन्या होत्या. तुझा डिस्ट्रिब्युटर म्हणजे एक कुटुंब आहे. घराचे कागद बँकेत ठेवून सीसी, म्हणजे धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज, काढलेली, दोन टेम्पो, चार माणसं. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांड.

समजा केस ५०० रुपयांची. ४०० केसचे २ लाख झाले. त्याचा नफा समजा शेकडा ५ रुपये, म्हणजे सगळा माल पूर्ण भावाने विकला तर १० हजार सुटतील. आता माल मागणीशिवाय आलाय, म्हणून दोन महिने पडून राहील. सीसीचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर २ लाखांवर महिन्याला २ हजार, दोन महिन्यांचे ४ हजार. मुदत जवळ आली की तो घाबरून माल गांधीनगरच्या होलसेलला चार टक्के पडत्या भावाने सोडेल, तिथे ८ हजार गेले. मिळकत १०, खर्च १२. हमाली, फुटतूट आणि जागा अजून धरलीच नाही. साहेबांनी कबूल केलेला स्कीमचा क्लेम वेळेवर पास झाला तर तो कसाबसा बरोबरीत येईल. मी असे क्लेम आठ-आठ महिने अडकलेले पाहिलेत, कारण ज्याने तोंडी शब्द दिला त्याची तोवर बदली झालेली असते.

त्यात आपला माल टिकणारा नाही. छोट्या पेट बाटलीच्या प्लास्टिकमधून गॅस हळूहळू बाहेर पडत राहतो, म्हणून तिची मुदत काचेच्या बाटलीपेक्षा कमी असते. आणि आपल्याकडचा सीझन किती छोटा! पाडव्यापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेतून पुढे लग्नसराई संपेपर्यंत माल पळतो. मृगाचा पाऊस लागला की गगनबावड्याकडून येणाऱ्या गारव्यात माणूस चहाच मागतो. मे-अखेरीला डंप केलेला माल जुलैत कुणाच्या घशाखाली जायचा?

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना कुणी सांगत नाही. बहुतेक डिस्ट्रिब्युटरकडून कंपनीने सह्या केलेले कोरे चेक सिक्युरिटी म्हणून घेतलेले असतात. तू बिल काढलंस की ठरलेल्या दिवशी तो चेक बँकेत जातो. खात्यात पैसे नसले तर चेक परत येतो, आणि मग कलम १३८ ची नोटीस. ज्या माणसाने माल मागितलाच नव्हता तो फौजदारी कोर्टाच्या पायऱ्या चढतो. तुझ्यासाठी ते मोबाइलवरचं एक बटण होतं.

कधी कधी साहेब दुसरा मार्ग सुचवतात: माल डेपोतच राहू दे, नुसतं बिल काढ, एक तारखेला क्रेडिट नोट काढून उलटवू. त्याच्या जवळही जाऊ नकोस. माल न हलवता बिल काढणं जीएसटी कायद्यात दंडपात्र आहे, आणि त्या बिलावर तुझ्या लॉगिनचा ठसा असतो.

हे सगळं मी इतकं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः ते केलंय.

२०१९ चा जून. सहामाही संपत होती. शाहूपुरीतल्या आमच्या एका जुन्या डिस्ट्रिब्युटरने, त्यांना आपण आण्णा म्हणू, २५० केस मागितल्या होत्या. मी ९०० चं बिल काढायला लावलं. आण्णांनी फोन केला, "साहेब, एवढा माल ठेवायला जागा न्हाई, पाऊस तोंडावर आलाय." मी म्हणालो, "आण्णा, या वेळी सांभाळून घ्या, मी आहे ना." त्यांनी सांभाळून घेतलं. वीस वर्षांचा संबंध होता, आणि मी त्या संबंधाचीच किंमत वसूल करत होतो, हे मला त्या क्षणी कळत होतं. कळूनही मी ते केलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला गोदामं होती, तिथे माणूसभर पाणी. आठवड्याने ओसरलं तेव्हा आम्ही चिखलातून आत गेलो. बाटल्यांच्या थप्प्या जागेवर होत्या, नुसता गाळ बसला होता. धुतल्या असत्या तर नव्यासारख्या दिसल्या असत्या, कारण सील जसंच्या तसं होतं.

तिसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक व्यापारी निम्म्या भावात सगळा माल उचलायला तयार झाला. आण्णा मला म्हणाले, "साहेब, निम्मं तरी सुटंल." त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. पण पुराचं पाणी म्हणजे गटाराचं, मैल्याचं, मेलेल्या जनावरांचं पाणी. ते झाकणाच्या आट्यांमध्ये शिरतं आणि बाहेरून कितीही धुतलं तरी तिथून निघत नाही. माणूस बाटली उघडून तोंडाला लावतो तेव्हा नेमकी तीच जागा ओठांना लागते. म्हणून पुरात बुडालेली झाकणाची बाटली टाकूनच द्यायची असते, सील शाबूत असलं तरी. मी आण्णांना नाही म्हणालो. पंचनामा करून बाटल्या फोडल्या आणि प्लास्टिक भंगारात दिलं.

मग नुकसान कुणाचं, हा प्रश्न आला. वरून उत्तर आलं: माल बिल झालेला आहे, डिस्ट्रिब्युटरचा आहे, त्याने विम्याकडे जावं. आण्णांचा विमा होता, पण तो नेहमीच्या साठ्याचा, ६ लाखांचा. पूर आला तेव्हा गोदामात ११ लाखांचा माल होता. विम्यात सरासरीचं कलम असतं. साठा ११ चा आणि विमा ६ चा असेल, तर झालेल्या नुकसानाचे अकरापैकी सहाच हिस्से मिळतात. म्हणजे मी लादलेल्या मालाची भरपाई तर कमी झालीच, त्यांनी स्वतःहून मागवलेल्या मालाचीही कमी झाली. आण्णा सर्व्हेअरसमोर गप्प बसून होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. ९०० पैकी ६५० केसची ऑर्डर डिस्ट्रिब्युटरने दिलेली नव्हती, ते बिल माझ्या सांगण्यावरून निघालं, असं स्पष्ट लिहून सही केली आणि विभागीय कार्यालयाला पाठवलं. सात महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी कंपनीने त्या ६५० केसची, म्हणजे सव्वातीन लाखांची, क्रेडिट नोट दिली. माझी त्या वर्षीची पगारवाढ थांबली, ते योग्यच होतं. तपासणी विभागात जायची इच्छा मीच व्यक्त केली, तीही त्याच वर्षी. आण्णांनी वर्षभरात एजन्सी सोडली. आता त्यांचा मुलगा हार्डवेअरचं दुकान चालवतो. आम्ही भेटतो, चहा घेतो. पण 'मी आहे ना' हे शब्द मी नंतर कुणाही डिस्ट्रिब्युटरला कधी उच्चारले नाहीत.

आता तुझं काम. आधी डिस्ट्रिब्युटरकडे स्वतः जा आणि गोदामातला साठा मोज. ॲपमध्ये दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नकोस, सेकंडरीचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानांना झालेल्या विक्रीचे, आकडे फुगवलेले असू शकतात. मग साहेबांना मेसेज पाठव. भाषा साधी ठेव, आरोप नको. समजा, "साहेब, कागलच्या पार्टीकडे आज १२०० केस शिल्लक आहेत. मागच्या महिन्याची विक्री ७०० केस, म्हणजे साधारण ५० दिवसांचा माल आहे. त्यांची नवीन ऑर्डर नाही. तरी ४०० चं बिल काढायचं का, कृपया कळवा." एवढंच. माझा अनुभव असा की दहातले सहा-सात साहेब या मेसेजला लेखी 'हो' म्हणत नाहीत. फोन करतात, चिडतात, आणि विषय दुसऱ्या पार्टीकडे वळवतात. तुझ्या पार्टीचं बिल मात्र टळतं. दुसरी पार्टी तुझ्या हद्दीत असेल तर तिथेही हाच मेसेज.

मेसेजसोबत काहीतरी खरी विक्रीही हातात ठेव. ४०० केस तीन दिवसांत होणार नाहीत. पण पंचतारांकित एमआयडीसीतली कँटीन, महामार्गावरचे ढाबे, पुढच्या आठवड्यातली मंगल कार्यालयांची बुकिंग धुंडाळलीस तर साठ-सत्तर केस निघतील. 'नाही' म्हणणाऱ्या पोराने ऊन खाऊन सत्तर केस आणल्या की साहेबांनाही त्याला कामचुकार म्हणता येत नाही.

तरीही ते अडून बसले तर एथिक्स लाइन, म्हणजे कंपनीतली गोपनीय तक्रारीची सोय. याबद्दल मुलांच्या मनात दोन टोकं असतात. एकतर 'ते सगळं नाटक असतं', नाहीतर 'फोन केला की उद्या साहेबांवर कारवाई'. मी आतून पाहिलंय म्हणून सांगतो. अमेरिकेत शेअर बाजारावर असलेल्या कंपन्यांच्या ऑडिट समितीला २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने अशी गोपनीय तक्रारीची सोय ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १७७ नुसार शेअर बाजारावरच्या आणि काही ठरावीक कंपन्यांना तशी व्यवस्था ठेवावी लागते. म्हणून आधी तुझं नेमणूक पत्र काढून बघ, तू नेमका कुणाचा नोकर आहेस. या धंद्यात ब्रँड एकाचा, बाटली भरणारा दुसरा आणि तुझा पगार तिसऱ्याच एजन्सीकडून, असं सर्रास असतं. पेप्सीच्या पेयांचं भारतातलं बहुतेक बाटलीकरण वरुण बेव्हरेजेस ही शेअर बाजारावरची भारतीय कंपनी करते, पेप्सिको स्वतः नाही. बाटलीवरचं नाव बघून फोन केलास तर तक्रार भलत्याच दारात जाईल.

तक्रार आमच्या टेबलावर आली की आम्ही पहिल्यांदा विशेषणं बाजूला काढायचो. 'साहेब दबाव आणतात, वातावरण वाईट आहे' अशा तक्रारी पुराव्याअभावी बंद व्हायच्या, आणि लिहिणाऱ्याला वाटायचं की दाबून टाकली. ज्या तक्रारीत डिस्ट्रिब्युटर कोड, बिल नंबर आणि तारीख असायची ती बंद करणं कुणालाच जमायचं नाही. मग आम्ही सिस्टममधून तीन गोष्टी काढायचो: महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत एकूण बिलिंगचा किती हिस्सा झाला, पुढच्या आठवड्यात किती माल परत आला, आणि क्रेडिट लिमिट कुणाच्या मंजुरीने ओलांडलं. निरोगी भागात शेवटच्या तीन दिवसांचा हिस्सा साधारण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असावा. मी चाळीसच्या वर गेलेले भाग पाहिलेत. तिथे साक्षीदार लागत नाही.

एक काळजी घे. कंपनीचे रिपोर्ट स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, तो उलटा तुझ्यावरच नियमभंग ठरतो. तुला आलेले मेसेज जपून ठेव, आणि फोनवर जे सांगितलं ते त्याच दिवशी वहीत तारीख-वेळेसह लिही. साधी शंभर पानी वही पुरते.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. तू प्रोबेशनवर आहेस, कारण न देता नेमणूक कायम न करणं त्यांच्या हातात आहे. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण दोन उदाहरणं सांगतो. २००० साली अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये बर्गर किंगच्या दुकानांत 'फ्रोझन कोक'ची चाचणी विक्री चालू होती. खप कमी दिसायला लागला तेव्हा कोका-कोलाच्या काही माणसांनी बाहेरच्या एकाला काही हजार डॉलर देऊन खोटी गिऱ्हाइकं उभी केली, आकडा फुगवला. मॅथ्यू व्हिटली नावाच्या तिथल्याच वित्त अधिकाऱ्याने हे वर कळवलं. २००३ मध्ये त्याची नोकरी गेली, तो कोर्टात गेला. कंपनीला चूक कबूल करावी लागली, बर्गर किंगला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवावी लागली, आणि व्हिटलीशी ५ लाख ४० हजार डॉलरवर तडजोड झाली. त्याचं म्हणणं खरं ठरलं, नोकरी मात्र परत मिळाली नाही. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेव.

दुसरं उदाहरण भारतातलं. एबी इनबेव्ह या बिअर कंपनीच्या भारतातल्या व्यवसायात सरकारी अधिकाऱ्यांना लाच पोचवली गेल्याचं प्रकरण अमेरिकेच्या नियामकाकडे होतं. माहिती देणाऱ्या एका कर्मचाऱ्याला कंपनीने नोकरी सोडताना अशा करारावर सही करायला लावली की तोंड उघडलं तर अडीच लाख डॉलर भरायचे. तो गप्प झाला. २०१६ मध्ये कंपनीने एकूण सुमारे ६० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि त्यात या कराराचाही ठपका होता. म्हणून सोडायची वेळ आलीच, तर फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदातली प्रत्येक ओळ वाच. 'मी कुठेही तक्रार करणार नाही' असं काही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

शाळेसमोरच्या कूलरबद्दल फार विचार करायची गरजच नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर कंपनीनेच छापलंय की हे मुलांसाठी नाही. पावलं मोज, फोटो काढ, 'जागा नियमात बसत नाही' असं साहेबांना कळव आणि त्याच रस्त्यावर पुढची जागा सुचव. ५१ व्या मीटरवर लावू का, असं मात्र विचारू नकोस. मधल्या सुट्टीत तिथवर येणारी पोरं तुला दिसतातच की. आणि टपरीवाला थंड करायचे म्हणून छापील किमतीवर दोन रुपये जास्त घेत असेल तर त्यालाही समजावून सांग. ते बेकायदा आहे, आणि दंड त्या गरिबाला होतो, कूलर देणाऱ्याला नाही.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांना गप्प बसवू नकोस, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचीमडा इथे २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. दोनेक वर्षांत विहिरींचं पाणी आटलं, उरलं ते पिण्याजोगं राहिलं नाही, अशी गावाची तक्रार झाली. एप्रिल २००२ मध्ये आदिवासी बायका रस्त्यावर बसल्या, मयिलम्मा त्यांच्या पुढे होत्या. पेरुमट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. २००३ मध्ये बीबीसीने तपासून दाखवलं की कारखान्यातून शेतकऱ्यांना खत म्हणून दिल्या जाणाऱ्या गाळात शिसं आणि कॅडमियम आहे. मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. २०१० साली केरळ सरकारच्या समितीने नुकसानीचा आकडा २१६ कोटींच्या वर काढला. कंपनीने जबाबदारी कधी मान्य केली नाही.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतो तो गाळ. पाणी किती उपसलं यावर दोन्हीकडून तज्ज्ञ भांडू शकतात. पण कारखान्यातला कचरा शेतकऱ्याला खत म्हणून देण्याआधी त्यात काय आहे हे तपासायला एका प्रयोगशाळेची एक फेरी पुरली असती. ती न करणारा माणूस कुणीतरी तुझ्या-माझ्यासारखाच होता, आणि त्यालाही बहुधा आपलं टार्गेट गाठायचं होतं.

बाटलीतल्या कीटकनाशकांचं प्रकरणही वडिलांना आठवत असेल. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने कोक आणि पेप्सी दोघांच्या मिळून १२ ब्रँडमध्ये अंश सापडल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते फेटाळलं. संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने निष्कर्ष दिला की संस्थेचं म्हणणं बरोबर आहे, आणि शीतपेयांसाठी वेगळी मानकं करायला सांगितलं. तोवर आपल्याकडे बाटलीतल्या तयार पेयाला कीटकनाशकांची मर्यादाच नव्हती. नियम नाही म्हणून दोष नाही, ही पळवाट तुझ्या नोकरीत तुला रोज कुणी ना कुणी दाखवेल.

त्यांना दुसरी बाजूही सांग. मे २००६ मध्ये कोका-कोलाच्या अटलांटा कार्यालयातून चोरलेली गोपनीय माहिती विकायचा देकार पेप्सीकडे आला. पेप्सीने ते पत्र थेट कोका-कोलाला कळवलं, एफबीआयने सापळा लावला, आणि आत माहिती काढणाऱ्या सेक्रेटरीला २००७ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांचं शंभर वर्षांचं हाडवैर, त्यांनी हे केलं. तेव्हा अशा कंपनीत राहून सरळ काम करता येत नाही, हे मला मान्य नाही. मी अनेक माणसं तसं काम करताना पाहिलीत. नोकरी सोडायची की नाही हे महिनाभर थांबून ठरव. साहेबांच्या उत्तरावरून तुला बरंच कळेल. साहेबांच्या वरच्या माणसाने त्यावर काय केलं, त्यावरून आणखी कळेल.

कागलला जाशील तेव्हा डिस्ट्रिब्युटरला एक प्रश्न माझ्याकडून विचार: गोदामाचा विमा किती रकमेचा आहे? साठ्यापेक्षा कमी असेल तर पावसाआधी वाढवून घ्यायला सांग. आणि त्यांचे किती कोरे चेक कंपनीकडे आहेत, तेही विचार. आकडा कळला की मला लिही.